दोन्ही कर्ण सात इंच

३ मार्च

ठोक्या,

तुला आणि वहिनीला आशीर्वाद. बाकीची विचारपूस शेवटी, आधी मुद्दा. मला कोंडलंय.

दचकू नकोस, चोरांनी नाही. माझ्याच चिरंजीवांनी. फ्लॅटच्या दाराबाहेर सरकतं जाळीचं दार बसवून घेतलंय, दुकानांना असतं तसलं. सकाळी तो आणि सूनबाई कामाला निघाले की बाहेरून कुलूप, संध्याकाळी परतले की उघडणार. मधल्या वेळात मी, भिंतीवरचं घड्याळ आणि थर्मासमधला चहा. गॅसचा रेग्युलेटरसुद्धा काढून कपाटात ठेवतात, न जाणो म्हातारीनं घर पेटवून दिलं तर. मोबाइल बिघडलाय म्हणून दुरुस्तीला नेला तो नेलाच. तसा तुझ्याशी बोलायला मोबाइलचा उपयोगही नाही म्हणा. तुला माझा आवाज ऐकू जायचा तर मला गच्चीवर उभं राहून ओरडावं लागेल, आणि गच्चीही कुलपाच्या पलीकडे आहे.

कारण एवढंच, की जानेवारीत एकदा मला घरी यायला अंधार झाला. वाट चुकले होते. तेवढ्यावर डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, आणि आता हे. मुलगा वाईट नाही रे. रोज कुलूप लावताना माझ्याकडे बघत नाही, यावरूनच कळतं. पण वाईट नसलेल्या माणसानं लावलेलं कुलूपही कुलूपच असतं.

आमच्या वरच्या मजल्यावर एक शिवणवाली राहते. जाताना जाळीतून माझ्याशी दोन शब्द बोलते. हे पत्र तिच्या हातात देतेय, तीच पेटीत टाकेल. उत्तर तिच्याच पत्त्यावर पाठव, मागे लिहिलाय.

दिवसभर समोर ती जाळी असते. नुसते समभुज चौकोन, एकाला एक लागून. पस्तीस वर्षं ज्यांची आकृती फळ्यावर काढली ते आता मला आत ठेवून उभे आहेत. तुला आठवतो ना समभुज चौकोन? त्याच्यापायी तू दोनदा नापास झालास आणि सगळ्या वर्गात माझी मान खाली घातलीस. कंपासबाईंचा भाऊ आणि भूमितीत भोपळा.

असो. तू ये. तुझं तो ऐकतो. त्याला सांग, की आईचं डोकं शाबूत आहे.

तुझी ताई


१२ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग घातला असता, पण कंबर धरलीये, तेव्हा उभ्या उभ्या नमस्कार.

पत्र वाचून गलबलून आलं. हिला वाचून दाखवलं, हिनं पदर डोळ्याला लावला. पण ताई, रागावू नकोस, एक सांगू का? भाचा इकडे आला होता मध्यंतरी, त्याच्या गोदामाच्या कामासाठी. तेव्हा त्यानं मला सगळं कागदावर लिहून दाखवलं, माझ्या कानांचं तुला ठाऊकच आहे. त्या दिवशी तुला शोधत तो शहरभर फिरला. पोलिसात जायच्या बेतात होता, तेवढ्यात तू जिना चढून आलीस आणि म्हणालीस की वाट चुकले. लिहिता लिहिता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पोरगं घाबरलंय, ताई. त्यानं जे केलं ते तुझ्या बऱ्यासाठीच केलं असणार.

मला यायचंय गं. पण हिचा गुडघा, त्यात एका शाळेच्या खिडक्यांच्या ग्रिलचं काम अंगावर, आणि हाताखालचा माणूस लग्नाला म्हणून गेला तो सासरचाच झाला. जरा उसंत मिळू दे.

तोवर एक गंमत करूया. तू मला आयुष्यभर तपासलंस, आता मी तुला तपासतो. समभुज चौकोनाचे गुणधर्म लिहून पाठव. बिनचूक आले की मी भाच्याला दाखवतो आणि म्हणतो, बघ, तुझी आई आपल्या दोघांना विकून खाईल. कसं?

कर्णाचं जपून लिही हो. भूमितीतल्या दोन कर्णांनी मला नापास केलं आणि अंगावरच्या दोन कर्णांनी म्हातारपणी दगा दिला.

तुझा ठोक्या


२० मार्च

ठोक्या,

उसंत मिळाली की येतोस. वा. मीही इथे उसंतीतच आहे, काळजी करू नकोस.

परीक्षा घेतोस ना माझी? घे. ज्या बाईनं तुला कंपास धरायला शिकवला तिला विचार समभुज चौकोनाचे गुणधर्म. वहिनीला सांग, उत्तरपत्रिका हातात धरून बसायला.

चारही भुजा समान. समोरासमोरच्या भुजा समांतर. समोरासमोरचे कोन सारखे, शेजारचे दोन मिळून एकशे ऐंशी. कर्ण एकमेकांना मधोमध छेदतात, आणि छेदतात ते काटकोनात. प्रत्येक कर्ण आपल्या टोकांच्या कोनांचे दोन सारखे भाग करतो. क्षेत्रफळ म्हणजे कर्णांच्या गुणाकाराचं निम्मं. झालं समाधान?

आता पुस्तकात नसलेलं सांगते, जे मला या जाळीनं शिकवलं. त्रिकोणाच्या तीन भुजा ठरल्या की त्रिकोण ठरला, तो हलत नाही. समभुज चौकोनाचं तसं नाही. भुजा ठरल्या तरी चौकोन ठरत नाही. कोपऱ्यावर दाबा, तो पसरेल. बाजूनं ढकला, उभा होईल. एक कर्ण वाढला की दुसरा घटतो, आणि भुजा बिचाऱ्या तेवढ्याच्या तेवढ्या. संध्याकाळी मुलगा दार सरकवतो तेव्हा सगळे चौकोन अंग चोरून उभे राहतात. सकाळी ओढतो तेव्हा पुन्हा आडवे पसरतात. मी आतून बघत असते. वर्गात हे कधी दाखवता आलं नाही याचं वाईट वाटतं. मुलांना एवढं एक दार दाखवलं असतं तर तुझ्यासारखे ठोंबेही पास झाले असते.

खरं सांगू, दुपारी फार जड जातं. लिफ्टचा आवाज आला की उठून जाळीपाशी जाते. कुणी आपल्या मजल्यावर थांबत नाही. मग परत येऊन बसते. परवा जाळीला दोन्ही हातांनी धरून उभी होते तर शेजारचे गृहस्थ दारातून बाहेर आले, मला बघून पुन्हा आत गेले. त्यांचीही चूक नाही, असं माणूस दिसलं तर काय बोलावं ते मलाही सुचलं नसतं.

शिवणवालीची टेप मागून घेतली आणि जाळीतलं एक घर मोजलं. हाताला काहीतरी काम हवं ना. भुजा पाच इंच. कर्ण समान, दोन्ही सात इंच. हे नीट वाच आणि तुझं डोकं चालव. ती खाली निघालीये, पत्रासाठी हात पुढे करून उभी आहे, म्हणून इथेच थांबते.

ताई


२ एप्रिल

प्रिय ताई,

कशी आहेस? झोप लागते का? वेळच्या वेळी जेव. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या टाळू नकोस.

तुझं पत्र दोनतीनदा वाचलं. किती सुंदर अक्षर आहे अजून तुझं. सगळे गुणधर्म छान लिहिलेस. फक्त शेवटी एक, आता कसं सांगू. तू लिहिलंस, समभुज चौकोनाचे कर्ण समान, दोन्ही सात. ताई, ते समान नसतात. आयताचे असतात. समभुज चौकोनाचे एक लांब, एक आखूड. याच चुकीसाठी तू मला अंगणात उभं करून ओरडली होतीस, म्हणून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय. मी सगळं विसरेन, हे नाही विसरणार. मी रोज तेच तर बनवतो.

तू चुकलीस याचं काही नाही गं. वय झालं की व्हायचंच. मीसुद्धा परवा चष्मा घालून चष्मा शोधला. पण तुझ्या हातून भूमिती चुकलेली बघितली आणि मी घाबरलो. दुसरं काहीही विसरली असतीस तर मी हसण्यावारी नेलं असतं.

मी भाच्याला मेसेज करून कळवलं. लपवून ठेवणं मनाला पटेना. त्यानं लगेच उत्तर दिलं. म्हाताऱ्या माणसांची एक संस्था त्यानं बघून ठेवलीये. मोठं आवार, झाडं, दिवसरात्र नर्सबाई. फाटक बंद असतं, पण आत मोकळं फिरता येतं. एवढे दिवस त्याचं मन होत नव्हतं, मामा काय म्हणतील म्हणून थांबला होता. मी म्हटलं, माझी हरकत नाही.

ताई, तिथे तुला जाळीच्या आत बसावं लागणार नाही. हे तरी बरं ना?

तुझा ठोक्या


९ एप्रिल

ठोक्या, गाढवा,

चौरस हा समभुज चौकोन नसतो का?

याचं उत्तर दे आणि मग माझ्या झोपेची चौकशी कर. चारही भुजा समान असल्या म्हणजे समभुज चौकोन. चौरसाच्या चारही भुजा समान असतात की नाही? मग तोही समभुज चौकोनच, फक्त काटकोनात उभा राहिलेला. आणि चौरसाचे कर्ण समान असतात. समभुज चौकोनाचे कर्ण समान असतातच असं नाही, हे मी तुला शिकवलं. कधीच नसतात, हे तू स्वतःचं स्वतः शिकलास. मी सगळ्या चौकोनांबद्दल लिहिलं नव्हतं. माझ्या दारातल्या एका घराबद्दल लिहिलं होतं, टेप लावून. तू पाठ केलेलं वाक्य घेऊन बसलास आणि तेवढ्यावर मला संस्थेत पाठवायला होकार दिलास.

पंचवीस तारखेची तारीख ठरलीये. सूनबाईनं माझ्या साड्यांवर नाव घालायला घेतलंय, तिथे धुताना अदलाबदल होते म्हणून. रडत रडत घालतेय, पण घालतेय.

आता मी शांतपणे लिहिते. भुजा पाच इंच. हे पहिल्याच दिवशी माझ्या डोळ्यात भरलं होतं. पाच इंचांवर रिवेट कोण मारतं? तू. बाकी सगळे त्यांना हवं ते अंतर घेतात. तू कायम पाच, कारण तुझ्या उस्तादानं तुला सांगितलं होतं की बंद दारातलं घर आडवं आठ आणि उभं सहाच असलं पाहिजे. ते का, हे त्यालाही माहीत नव्हतं. मी तुला समजावलं होतं. आठाचं निम्मं चार, सहाचं निम्मं तीन, सोळा आणि नऊ पंचवीस, म्हणून भुजा पाच. तेव्हा तू म्हणालास, ताई, माझ्या दुकानात तुझी भूमिती निघाली. केवढा खूश झाला होतास.

म्हणजे माझ्या दाराला लागलेली जाळी तुझ्या हातची. मला वाटलं, तुला सगळं ठाऊक आहे. भाच्याला तूच दार करून दिलंस आणि मला कळू देत नाहीस. तुझ्या पहिल्या पत्रात तो गोदामाच्या कामासाठी तुझ्याकडे आल्याचं वाचलं आणि खात्रीच पटली, तरी वाट बघितली, की आज सांगेल, उद्या सांगेल. म्हणून भुजा पाच आणि कर्ण सात-सात, असं माप लिहिलं. म्हटलं, आता तरी ओळखेल.

पण लिहिता लिहिता एक लक्षात येतंय. तुझी घरं आठ-सहाची असतात, मग इथे सात-सात का? साडेतीनचा वर्ग सव्वाबारा, दोनदा घेतला की साडेचोवीस. पंचवीसला अर्धा कमी, शिवणाच्या टेपला एवढं माफ. म्हणजे भुजा बरोबर, पण दार पूर्ण ताणलेलं नाही. आडवी सहा घरं आहेत. सहा सत्ते बेचाळीस, आमचं दार साडेतीन फुटांचं, जुळलं. आणि तुझ्या मापानं सहा आठे अठ्ठेचाळीस. तुला चार फुटांचं माप दिलं होतं ना रे? माझ्या दाराचं माप दिलं असतं तर तू ओळखलं असतंस, त्याच दाराला डासांची जाळी तूच बसवली होतीस. म्हणून त्यानं माप वाढवून सांगितलं. तुला गोदाम म्हणाला असेल.

असंच असेल तर तुझ्यावर ठेवलेला आळ मी मागे घेते. गाढव मात्र मागे घेत नाही.

आणि आता माझं. मी वाट चुकले नव्हते. त्या दिवशी मी एक खोली बघायला गेले होते. भाड्यानं, माझ्या एकटीसाठी. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं. घरमालकीण बाहेर गेली होती, तिची वाट बघत पायरीवर बसले आणि अंधार झाला. घरी आले तर मुलाचा चेहरा पांढराफटक. अशा वेळी कसं सांगणार, की बाबा, मी तुझं घर सोडायला निघालेय? तोंडात आलं ते बोलले. वाट चुकले म्हटलं की सगळे पाणी आणायला धावले. कुणी रागावलं नाही. मला तेव्हा वाटलं, सुटले.

परवा त्याला खरं सांगितलं. तो माझ्या हातावर हात ठेवून ऐकत राहिला. मग बायकोला हळूच म्हणाला, आता मनानं गोष्टी रचायला लागलीये, डॉक्टरांना सांगायला हवं. खोटं त्यानं झटकन मानलं, खरं मानत नाही. मी आणखी बोलले तर आणखी वेडी ठरते. गप्प बसले तर म्हणतात, हल्ली गप्प गप्प असते.

तुझ्याशिवाय कुणी नाही, ठोक्या. पंचवीसच्या आत ये. एकदा त्या फाटकाच्या आत गेले की मी काय बोलते ते नर्सबाई हसून ऐकणार.

ताई


१४ एप्रिल

ताई,

पत्र हातात घेऊन दुकानात गेलो. पुढच्या गिऱ्हाईकाचं चार फुटांचं दार तयार होतं, तुझ्या दारासारखंच, पाचाची भुजा, आडवी सहा घरं. ताणून ठेवलं, टेप लावली. आठ आणि सहा. मग बेचाळीसवर खूण केली आणि दार तिथपर्यंत ढकललं. टेप लावली. सात. उभी लावली. सात आणि वर केसभर.

मी तिथेच स्टुलावर बसलो. हाताखालचा माणूस, आला तो सासरहून, पाणी घेऊन आला. त्याला वाटलं मला भोवळ आली.

सगळं तू लिहिलंस तसंच. गोदामाचं म्हणून त्यानं माप आणलं, चार फूट. ने-आणही त्याचीच, बसवायला माणूस त्याच्याच गावचा. वरचा रूळ कापून आखूड केला असणार. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. मग म्हटलं, आपलं तर चार फुटांचं, ताईचं दार साडेतीन, आपलं नव्हेच. आयुष्यभर सरकती दारं केली आणि स्वतःला समजावताना दार सरकतं हेच विसरलो. मला तसं विसरायचंच होतं, ताई. ते आपल्या हातचं नाही असं वाटणं सोयीचं होतं.

आणि वर तुझ्या डोक्याची परीक्षा घेतली. लाज वाटते.

हिचा गुडघा तिच्या बहिणीच्या हवाली केलाय. शाळेच्या खिडक्या थांबतील, आजवर कुठलं पोर खिडकीतून पळालंय. शनिवारी सकाळच्या गाडीनं निघतोय. जाळी कापायला ग्राइंडर घेऊ का, असं हिला विचारलं. ही म्हणाली, घेऊन जा आणि तुम्हालाही पोलिसात देतील. तेव्हा फक्त टेप घेतोय.

ठोक्या


२ मे

ठोक्या,

तू गेल्यापासून लिहीन लिहीन म्हणत होते. आधी गोड बातमी.

दार सरकवून भिंतीला लावलेलं आहे ते लावलेलंच आहे. चिरंजीव अजून तुझ्या नावानं मधूनच मान हलवतो. तू जाळीच्या बाहेर उकिडवा बसून टेप धरलीस, मी आतून तिचं दुसरं टोक धरलं आणि तो ऑफिसची बॅग खांद्याला तशीच ठेवून बघत राहिला, ते त्याच्या डोळ्यांसमोरून जात नाही म्हणे. तुला ऐकू येत नाही म्हणून त्याला जिन्यात सगळं ओरडून कबूल करावं लागलं. चार फूट खोटं सांगितलं, गोदाम खोटं सांगितलं, आणि आईनं ते आत बसून नुसत्या टेपनं हुडकलं, हेही. वरपासून खालपर्यंत सगळ्या मजल्यांना कळलं. मला त्याची दया आली. सगळं ओरडून झाल्यावर तो मला एवढंच म्हणाला, आई, खोलीचं तेव्हाच का नाही बोललीस? मी म्हटलं, तू सोडलं नसतंस. तो म्हणाला, नसतंच सोडलं. आणि किल्ली माझ्या हातात ठेवली.

संस्थेचं रद्द झालं. सूनबाईनं साड्यांवरची नावं उसवली. ती खोली अजून रिकामी आहे, आणि मुलगा म्हणतो, पुढच्या रविवारी मी तुझ्याबरोबर बघायला येतो. स्वतःहून म्हणाला. मला हे सगळं तुला नाचत लिहायचं होतं.

आता दुसरं. हे वहिनीला वाचून दाखवू नकोस.

काल दुपारी शिवणवालीची टेप परत करायची म्हणून वर गेले, तर ती दुकानात होती. दुकान तीन गल्ल्या पलीकडे, शेकडो वेळा गेलेय. म्हटलं, मोकळी आहे, चालत जाऊ. औषधाच्या दुकानापर्यंत गेले आणि तिथे थांबले. उजवीकडे की डावीकडे ते कळेना. म्हटलं, क्षणभर होतं असं कुणालाही. थांबून राहिले. तरीही कळेना. मग मागे वळले, तर आले कुठून तेही कळेना. सगळ्या इमारती सारख्या. कुणाला विचारायचं तर आमच्या इमारतीचं नाव तोंडात येईना. ठोक्या, मला समभुज चौकोनाचे सगळे गुणधर्म येत होते. मी ते मनात म्हणत उभी होते, आणि माझं घर कुठे आहे ते मला ठाऊक नव्हतं.

किती वेळ गेला सांगता येत नाही. शिवणवालीच कापडाचं गाठोडं घेऊन येताना दिसली. म्हणाली, काय, फिरायला? मी म्हटलं, हो, फिरायला. आणि तिच्या मागे मागे घरी आले. तिला कळलं नाही. घरात कुणाला कळलं नाही.

जानेवारीत खोटं बोलले होते ते आता खरं झालं. कदाचित इतके दिवस बाहेर पडले नाही म्हणून झालं असेल. पायांना सवय राहिली नसेल, ऊनही होतं. कदाचित पुन्हा होणार नाही. पण मुलाला सांगितलं तर रविवारची खोली गेली, आणि भिंतीला लावलेलं दार पुन्हा पसरलं. तो यावेळी बरोबर असेल, हेच मला सोसत नाही. तूच येऊन त्याला सांगितलंस ना, आईचं डोकं शाबूत आहे. तुझ्या शब्दावर त्यानं किल्ली दिली.

मला फार भीती वाटते. आतली वेगळी होती, ही वेगळी आहे. कुणाला तरी सांगायचं होतं म्हणून तुला सांगितलं. हे पत्र फाड.

ताई


८ मे

प्रिय ताई,

पत्र फाडलं. बारीक तुकडे करून फाडलं. हिनं विचारलं, काय म्हणतात वन्सं? म्हटलं, मजेत आहे, खोली बघायला निघालीये. हिला ऐकून इतका आनंद झाला की तुझ्यासाठी पडदे शिवायला काढले.

काल भाच्याचा मेसेज आला. मामा, आई खरंच ठीक आहे, मीच उगाच घाबरलो होतो, तुम्ही आलात म्हणून वाचलो. मी त्याला अंगठा पाठवला. पाठवला आणि मग दिवसभर माझ्याकडून एकही रिवेट सरळ बसला नाही.

ताई, मला काय करावं ते कळत नाही. सांगितलं तर ते तुला पुन्हा आत ठेवतील, आणि यावेळी कुणाच्या टेपचा उपयोग होणार नाही. नाही सांगितलं आणि उद्या तू कुठल्या चौकात तशीच उभी राहिलीस, आणि शिवणवाली आली नाही, तर ते मी केलेलं असेल. मागच्या वेळी माझ्याकडून नकळत झालं होतं असं म्हणायला जागा होती. आता तीही नाही. दुकानात बसलं तरी तेच, जेवायला बसलं तरी तेच. तुला एवढे दिवस आत कसं वाटत असेल ते आता थोडं कळतंय, आणि मी तर उघड्यावर आहे.

मी येतो. सोमवारी निघतो, मंगळवारी दुपारी तुझ्या दारात. हे पत्र टपालात न टाकता कुरियरनं पाठवतोय, उद्याच तुझ्या हातात पडेल. रविवारी खोली बघायला जाऊ नकोस म्हणत नाही, मुलाबरोबर जा, त्याचा हात धरून जा. मी आलो की आपण दोघं रोज फिरू, त्या औषधाच्या दुकानापर्यंत, तिथून पुढे, पुन्हा मागे. मी मागे चालेन, तू पुढे. मग एखाद्या दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आणि मग भाच्याला सांगायचं की नाही, ते तू ठरवायचंस, मी नाही. माझ्याकडून एवढं वचन.

तोवर माझं एकच ऐक. मी येईपर्यंत एकटी घराबाहेर पडू नकोस. चारच दिवसांचा प्रश्न आहे.

हे लिहिलं आणि हात थांबला. तुझ्या मुलानंही सुरुवात अशीच केली असणार, चारच दिवसांचा प्रश्न आहे म्हणून. वरचं वाक्य खोडायला मघापासून पेन धरून बसलोय. खोडवत नाही, ताई.

ठोक्या